खानेसुमारीचे दोन रकाने

"वकीलसाहेब, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावयाचे हे कळले. पण जातीच्या रकान्यात काय लिहावयाचे?" हा प्रश्न अमरावती व अकोला जिल्ह्यांतील विहारांतून मला इतक्या वेळा विचारण्यात आला आहे की, त्याचे उत्तर एकदा छापूनच टाकावे असे वाटू लागले. विचारणाऱ्यांत अलीकडेच दीक्षा घेतलेली मातंग कुटुंबे होती, ज्यांच्या आजोबांनी १९५६ साली नागपूरच्या मैदानावर उभे राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांचे नातू होते, आणि ज्यांच्या घरातील देव्हारा अजून कोपऱ्यात झाकून ठेवलेला आहे अशीही माणसे होती. बंधू-भगिनींनो, प्रश्न दिसावयास एका ओळीचा असला तरी त्याच्या उत्तरावर आपल्या मुलाबाळांचे पुष्कळ काही अवलंबून आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०२१ साली व्हावयाची खानेसुमारी कोरोनाच्या साथीमुळे झाली नाही. त्यानंतर केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी अधिसूचना काढून १ मार्च २०२७ ही नव्या गणनेची संदर्भ तारीख ठरविली. काम दोन टप्प्यांचे ठरले. पहिला टप्पा घरांच्या यादीचा, २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळातील. दुसरा माणसे मोजण्याचा, फेब्रुवारी २०२७ मधील. या खानेसुमारीत दोन गोष्टी नव्या आहेत. एक, प्रगणकाच्या हाती कागद नसून मोबाईल आहे, आणि ज्या कुटुंबाची इच्छा असेल त्यास प्रगणक दारी येण्यापूर्वी आपली माहिती आपणच सरकारी संकेतस्थळावर भरण्याची मुभा आहे. दुसरी, १९३१ नंतर प्रथमच सर्व लोकांची जात नोंदली जावयाची आहे. अनुसूचित जाती व जमाती मधल्या काळातही मोजल्या जात होत्या. आता सगळेच मोजले जातील.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. आजवर आपली नोंद दुसऱ्याच्या हाताने झाली. कोतवाल बुकात आपल्या पणज्याचा जन्म कोणी लिहिला? शाळेच्या दाखल-खारिज नोंदवहीत आपल्या बापाची जात कोणी लिहिली? आपण केवळ तोंडाने सांगितले, तेही पुष्कळदा ओट्याखाली उभे राहून. लेखणी दुसऱ्याची होती. लिहिणाऱ्याने काय लिहिले ते वाचून पाहण्याची विद्या आपल्यापाशी नव्हती. आज आपल्या घरातील दहावी-बारावी झालेली मुलगी स्वतःच्या बोटाने ती नोंद करू शकते. यंत्रयुगाने आपणांस काय दिले असे मला कोणी विचारले, तर जयंतीचे फोटो धाडण्याची सोय दिली असे मी सांगणार नाही. नोंद आपल्या हाती दिली असे सांगेन. परंतु हाती आलेली लेखणी चुकीचे लिहू लागली, तर दोष आता दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

संख्येचे महत्त्व परमपूज्य बाबासाहेबांइतके क्वचितच कोणी ओळखले असेल. १९३२ साली मताधिकाराचा विचार करण्यासाठी लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. त्या वेळी काय घडले ते त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. तोवर अस्पृश्य किती आहेत याविषयी फारसा वाद कोणी घालीत नव्हते. १९११ च्या खानेसुमारीत त्यांस निराळे काढण्यासाठी दहा कसोट्याही लावून झाल्या होत्या. परंतु संख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळणार असा रंग दिसताच काही प्रांतांतील सवर्ण पुढारी साक्ष देऊ लागले की, आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच, असलेच तर नाममात्र आहेत! ज्यास विहिरीवर चढू द्यावयाचे नव्हते तो काल अस्पृश्य होता. ज्यास कायदेमंडळात जागा द्यावयाची वेळ आली तो आज एकाएकी नाहीसा झाला. बाबासाहेबांनी या कारस्थानाशी आकड्यांनी झुंज दिली, आणि समितीच्या अहवालास आपली स्वतंत्र टिपणी जोडली.

आपल्या वऱ्हाडचाच एक प्रसंग या संदर्भात आठवतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. त्या परिषदेच्या काळातच त्यांचे वडील बंधू बाळाराम मुंबईस निधन पावले, तरी परिषदेचे काम पार पडले. ज्या देवळाच्या दारी आपल्या पूर्वजांनी हक्क मागितला त्या देवळाची आज आपणांस गरज उरली नाही. परंतु हक्क मागण्यासाठी आपण कोण, किती, व कोठे आहोत हे सांगण्याची गरज मात्र तेव्हाइतकीच आजही आहे.

दीक्षेनंतरची पहिली खानेसुमारी १९६१ साली झाली. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती २७ लक्ष ८९ हजारांवर गेली. या आकड्यामागे कोणतेही यंत्र नव्हते. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन सांगितले, आणि निरक्षर बायाबापड्यांनी प्रगणकाच्या तोंडावर "आम्ही बौद्ध" असे ठासून सांगितले. कित्येकांनी ते गावाचा रोष पत्करून सांगितले. त्या पिढीचे हे धैर्य आपण विसरता कामा नये.

पण त्या धैर्याची किंमतही त्या पिढीने मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंपुरता ठेवण्यात आला होता. १९५६ साली तो शिखांपर्यंत वाढविण्यात आला. बौद्धांस मात्र तो मिळाला नाही. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या व लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा यांचा दरवाजा बंदच राहिला. तो १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन उघडला. म्हणजे चौतीस वर्षे लागली. या चौतीस वर्षांचा हिशेब खानेसुमारीच्या आकड्यांतही उमटलेला आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९६१ साली शेकडा साडेपाचच्या थोडे वर होते. १९८१ साली ते सातच्या आसपास होते. १९९१ साली एकदम अकरावर गेले. दहा वर्षांत माणसे काही दीडपट जन्मली नव्हती. जी होतीच, ती कायद्याने दिसू लागली, हे त्या वाढीचे मुख्य कारण.

आता २०११ च्या आकड्यांकडे या. महाराष्ट्रात बौद्ध ६५ लक्षांच्या वर मोजले गेले. साऱ्या भारतातील ८४ लक्ष बौद्धांपैकी हे तीन चतुर्थांशांहून अधिक. अकोला जिल्ह्यात शेकडा अठराच्या आसपास बौद्ध, अमरावतीत तेराच्या आसपास. धर्माच्या रकान्यापुरते पाहिले तर आपली स्थिती समाधानकारक म्हणावी लागेल. परंतु या ६५ लक्षांपैकी अनुसूचित जातीचे म्हणून किती मोजले गेले? सुमारे ५२ लक्ष. उरलेले १३ लक्ष कोठे गेले? हे सारे चुकीनेच गळाले असे मी म्हणणार नाही. त्यांत अन्य समाजांतून धम्मात आलेले लोक आहेत, थोडे आदिवासी बौद्ध आहेत. परंतु वऱ्हाडातील गावे ज्याने पाहिली आहेत तो हे कबूल करील की, या तेरा लक्षांत पुष्कळ मोठा वाटा "धर्म बौद्ध, जात बौद्ध" असे अभिमानाने सांगणाऱ्यांचा असला पाहिजे. मी स्वतः अशी कितीतरी घरे दाखवू शकेन.

यात बिघडले काय, असे तरुण मंडळी विचारतात. बिघडते ते असे. अनुसूचित जातींची यादी ही घटनेच्या ३४१ व्या कलमाखाली झालेली बंद यादी आहे. महाराष्ट्रासाठी तीत ५९ नोंदी आहेत. ३७ व्या क्रमांकावर महार आहे, ४६ व्या क्रमांकावर मांग व मातंग आहेत. "बौद्ध" नावाची जात त्या यादीत नाही, "नवबौद्ध" नावाचीही नाही. असणारही नाही, कारण बौद्ध हा धर्म आहे. तेव्हा जातीच्या रकान्यात "बौद्ध" लिहिणारा मनुष्य मोजणाऱ्याच्या हिशेबात बौद्ध म्हणून राहतो आणि अनुसूचित जातीच्या बेरजेतून निसटतो. ज्या गावात अशी चाळीस घरे निसटली त्या गावाची अनुसूचित जातीची लोकसंख्या तितकी कमी झाली. ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत राखीव जागा किती ठेवावयाच्या हे त्याच आकड्यावरून ठरते. वस्तीच्या रस्त्याला, नालीला, समाजमंदिराला मिळणारा निधी त्याच आकड्याकडे पाहून दिला जातो. अमरावतीचा लोकसभा मतदारसंघ, दर्यापूर व मूर्तिजापूर हे विधानसभा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत अनुसूचित जातींसाठी राखीव झाले, तेही लोकसंख्येच्या प्रमाणाचे गणित मांडूनच. ती फेररचना २००१ च्या आकड्यांवर झाली होती, आणि लोकसभेच्या जागांची नवी वाटणी २००१ च्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत पुढे ढकलण्यात आली होती. यावरून २०२७ च्या गणनेचे वजन काय आहे, याची कल्पना यावी.

येथे मला एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो आक्षेप खरा आहे, आणि तो घेणारी माणसे आपल्यातील उत्तम माणसे आहेत. ती म्हणतात, "बाबासाहेबांनी जात सोडावयास सांगितली. आम्ही मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, भाकरी मागणे सोडले, देव सोडले. ज्या नावाने आमच्या बापाला हाक मारली जात असे ते नाव आम्ही नागपूरला पुरून आलो. तुम्ही वकील लोक ते पुन्हा उकरून आमच्या लेकरांच्या हातून लिहवून घेता!" अकोल्याच्या बाजूच्या एका विहारात एका वृद्ध उपासकाने हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत मला ऐकविले, तेव्हा मला लगेच उत्तर सुचले नाही. फॉर्मवर तो शब्द लिहिताना माझाही हात जड होतो, हे मी त्यांच्यापाशी कबूल केले.

तथापि विचार केल्यानंतर माझे मत जे बनले ते असे. धर्माचा रकाना आपण कोण आहोत हे विचारतो. जातीचा रकाना, निदान आपल्यापुरता, आपल्याशी काय करण्यात आले हे विचारतो. हे दोन प्रश्न निराळे आहेत. दिवाणी न्यायालयात येणे वसूल करावयाचे असेल तर वादीला वादपत्रात लिहावे लागते की, अमुक साली, अमुक कारणाने, अमुक इसमाकडून हे येणे उत्पन्न झाले. "मी आता जुन्या गोष्टी विसरलो आहे, तरी माझे पैसे मिळावेत" असे लिहिणाऱ्याचा दावा टिकत नाही. तो मनाने थोर असेल. न्यायाधीश त्याला हुकूमनामा देणार नाही. घटनेने आपणांस जे दिले आहे ती भीक नव्हे, ते शेकडो वर्षांचे येणे आहे. आणि ज्या नावाने ते कर्ज आपल्या पूर्वजांच्या पाठीवर चढले तेच नाव दाव्यात लिहावे लागते. १९९० च्या कायद्याने नेमके हेच मान्य केले: मनुष्य बौद्ध झाला म्हणून गावाने त्याच्याशी चालविलेला व्यवहार संपत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाविषयी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे पटवून घेण्यास सरकारला चौतीस वर्षे लागली. आपण ते आता एका बोटाने पुसून टाकावे काय?

जात सोडली की नाही याची परीक्षा मी खानेसुमारीच्या रकान्यात घेणार नाही, घरात घेईन. रकान्यात "महार" लिहावयास ज्यांचा स्वाभिमान आड येतो, त्यांतील काही सद्गृहस्थ मुलीचे लग्न जुळविताना पाहुण्यांस हळूच विचारतात, "आपण लाडवण की बावणे?" हा प्रश्न ज्या दिवशी वऱ्हाडातील बौद्ध घरांतून बंद होईल, त्या दिवशी जात सोडण्याविषयी त्यांचे व्याख्यान मी पुढच्या रांगेत बसून ऐकेन. पोटजात कोठेच लिहू नका. तिची यादीला गरज नाही आणि आपल्याला तर मुळीच नाही.

दुसऱ्या बाजूची चूक भीतीची आहे. "बौद्ध लिहिले तर मुलाची सवलत जाईल" असे समजून अजूनही काही घरे धर्माच्या रकान्यात "हिंदू" लिहितात. १९९० पूर्वी या भीतीला आधार होता. आज नाही. अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू, शीख किंवा बौद्ध यांपैकी कोणीही असू शकतो. ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे अशा मातंग, चांभार वगैरे बंधूंनी हे विशेष लक्षात घ्यावे: धर्म बौद्ध सांगा, जात यादीतील आपली सांगा, दर्जा कायम राहतो. इतर मागास वर्गांतून किंवा आदिवासींतून जे धम्मात आले त्यांचा प्रवर्ग तर धर्माशी बांधलेलाच नाही. त्यांनीही निःशंकपणे बौद्ध सांगावे आणि आपली जात वा जमात यथातथ्य सांगावी. खानेसुमारीत कोणताही दाखला मागितला जात नाही. जुन्या शाळेच्या कागदावर "हिंदू" असले तरी आज आपण जे आहोत तेच सांगावयाचे आहे.

खानेसुमारीतील नोंद आणि जातीचा दाखला या मात्र दोन भिन्न वस्तू आहेत, यात गल्लत करू नका. खानेसुमारीची नोंद ही बेरजेसाठी असते. १९४८ च्या खानेसुमारी कायद्याच्या १५ व्या कलमान्वये ती कोणास पाहता येत नाही आणि पुराव्यात दाखलही होत नाही. तुमच्या मुलीला महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा असेल तर तिला जातीचा दाखला व त्याची वैधता लागेल, आणि तेथे पुराव्याचा भार कायद्याने तिच्यावरच टाकला आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही कसोटीची तारीख आहे. त्या तारखेपूर्वी आपले घराणे महाराष्ट्रात होते आणि त्या जातीचे होते, हे दाखवावे लागते.

या प्रकारातील एक हकीकत सांगतो. दर्यापूर तालुक्यातील एक माउली आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. पोरगी हुशार, अभियांत्रिकीला नंबर लागलेला. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर "हिंदू महार". मुलीच्या दाखल्यावर "बौद्ध", आणि जातीच्या जागी पुन्हा "बौद्ध". अर्ज पैसे घेऊन फॉर्म भरणाऱ्या एका दुकानात भरलेला. तेथील पोराने घाईत आजोबांच्या नावाच्या जागी चुलत्याचे नाव टाकले होते आणि कोणाचा तरी भलताच मोबाईल क्रमांक. त्रुटी काढल्याचा संदेश त्या भलत्याच क्रमांकावर गेला. या मायलेकी चार महिने कागद येण्याची वाट पाहत घरी बसल्या. मग माझ्याकडे आल्या. शोधाशोध करता करता तहसिलीच्या अभिलेख कक्षात पणजोबांच्या घरातील एका जन्माची कोतवाल बुकातील नोंद सापडली, १९५० च्या कितीतरी आधीची, जातीसकट. तिची प्रमाणित नक्कल जोडली आणि वैधता मिळाली. पण त्या वर्षीचा प्रवेश गेला तो गेला. पोरीने वर्षभर घरी बसून तुरीच्या शेतात निंदण केले.

या हकीकतीत मला राग कोणाचा यावा? दुकानातील पोराने चूक केली खरी. परंतु अर्ज पाठविण्यापूर्वी पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखव, असे त्याला कोणी म्हटले नाही. ती मुलगी स्वतः मोबाईल उत्तम चालवीत होती, आणि तोच फॉर्म घरी बसून भरण्याची सोय शासनाच्या संकेतस्थळावर होती. तिला वाटले, सरकारी काम दुकानातच होते. हा जुना संस्कार आहे: लेखणी दुसऱ्याची.

म्हणून प्रत्येक विहाराने आता एक साधे काम करावे. रविवारी वंदना झाल्यावर तासभर थांबावे. प्रत्येक घरासाठी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर घरातील प्रत्येक माणसाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षण, धंदा, धर्म आणि जात लिहून काढावी. म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा ठाऊक नसतात. त्यांचे वय आधार कार्डाशी ताडून पाहावे. हा कागद तयार असला म्हणजे यंत्रावर माहिती भरावयास फार वेळ लागत नाही, आणि प्रगणक दारी आला तरी घरात जो कोणी असेल तो कागद पाहून उत्तरे देऊ शकतो. हे महत्त्वाचे आहे. कारण फेब्रुवारीत आपल्याकडे हरभऱ्याची सोंगणी असते, कर्ती माणसे शेतात असतात आणि घरी आजी व लहान मूल. आजीने घाबरून काहीतरी सांगावे आणि तेच दहा वर्षे कायम व्हावे, असे होता कामा नये. जी मुले पुण्यास, मुंबईस, सुरतेस कामाला गेली आहेत त्यांस फोन करून दोन्ही रकान्यांविषयी सांगावे, कारण त्यांची मोजणी बहुधा ती राहतात तेथेच व्हावयाची.

हे काम मुलींनी करावे अशी माझी सूचना आहे. पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो आणि तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात असतो. रविवारचा एक तास तो मुलीच्या हाती द्यावा. अमरावती विद्यापीठात आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारी आपली मुले सुटीला गावी येतात. त्यांनी चौकात बसून राजकारणाच्या गप्पा मारण्याऐवजी दहा-दहा घरे वाटून घ्यावीत. स्वतः माहिती भरणाऱ्या कुटुंबास एक क्रमांक मिळतो, तो प्रगणक आला म्हणजे त्यास दाखवावयाचा असतो. तो त्याच कागदावर लिहून ठेवावा. मोबाईल पाण्यात पडतो, कागद पेटीत राहतो. खानेसुमारीच्या नावाखाली कोणी बँकेचा खातेक्रमांक किंवा गुप्त आकडा विचारू लागला तर तो ठक समजावा. खानेसुमारीला तुमच्या पैशाशी काही कर्तव्य नाही.

त्याच बैठकीत घरातील जुने कागद बाहेर काढावेत: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुने खरेदीखत. मोबाईलवर त्यांची छायाचित्रे काढून ती घरातील दोन-तीन माणसांकडे ठेवावीत. वाळवीने खाल्लेला कागद परत मिळत नाही. मात्र छायाचित्र म्हणजे पुरावा नव्हे. छायाचित्रावरून कोठे काय नोंद आहे हे कळते. त्यावरून तहसिलीत किंवा शाळेत अर्ज करून प्रमाणित नक्कल काढावयाची, आणि मूळ कागद कोणाच्याही हाती द्यावयाचा नाही, वकिलाच्याही नाही.

आता शेवटची गोष्ट, प्रगणकाविषयी. तो बहुधा शाळामास्तरच असेल आणि बहुधा भला माणूस असेल. तो कदाचित म्हणेल, "तुम्ही बौद्ध ना, मग जातीत बौद्धच टाकतो," किंवा, "तुम्ही एस.सी. ना, मग धर्म हिंदूच ना." दोन्ही वेळा त्यास नम्रपणे थांबवा. कायद्याने तुम्ही खरे उत्तर देण्यास बांधलेले आहात, आणि तुम्ही दिलेले उत्तर लिहिण्यास तो बांधलेला आहे. जाणूनबुजून खोटी नोंद करणारा प्रगणक ११ व्या कलमाखाली शिक्षेस पात्र होतो. माहिती पुढे पाठविण्यापूर्वी मोबाईलचा पडदा दाखवावयास सांगा आणि दोन्ही रकाने घरातील वाचता येणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तरीही चूक झाली आणि तो ऐकत नसेल, तर तारीख, वेळ व सांगितलेली उत्तरे लिहून त्याच दिवशी गावात तहसीलदाराकडे, शहरात नगरपालिका वा महानगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या.